लगूनच्या दारात

निखिल : मावशी, शिडाच्या बोटीवर मुलाबाळांसकट बिऱ्हाड थाटून पॅसिफिक पालथा घालणारी कुटुंबं आता विरळ राहिलेली नाहीत. त्यातली बरीच फिजीच्या लाऊ बेटांकडे, खास करून फुलांगाकडे जातात. आणि तिथे पोचलं की पहिलं काम काय, तर गावच्या प्रमुखासमोर मुळांची जुडी ठेवायची. सेवुसेवु म्हणतात त्याला. मला तो प्रकार जरा नाटकी वाटतो. हॉटेलात शिरताना कपाळाला टिळा लावतात ना, त्यातलाच.

मावशी : टिळा हॉटेलवाला लावतो आणि पाहुणा मिरवतो. इथे उलट आहे. पाहुण्याने जमिनीवर बसून मागायचं आहे आणि यजमानाने ते मान्य करायचं की नाही हे ठरवायचं आहे. म्हणून मी त्याला नाटक म्हणणार नाही. माझं म्हणणं असं की प्रवाळाच्या कड्याआड जे शांत पाणी असतं, ते लगून, तिथे नांगर टाकणं म्हणजे कुणाच्या तरी हद्दीत शिरणं आहे. नकाशात ती हद्द दिसत नाही. बोटीवरच्या कुटुंबाला ती दाखवून देण्याचं, आणि आत आल्यावर त्याला कुणाला तरी जबाबदार करण्याचं काम हा विधी करतो. तो काढून टाकला तर उरते फक्त एक सुंदर जागा आणि तिच्यात घुसलेली परकी बोट.

निखिल : पण फिजीत उतरताना पासपोर्टवर शिक्का बसतो, कस्टम्स होतं, बोटीसाठी क्रूझिंग परमिट मिळतं. सरकारने ‘या’ म्हटल्यावर गावाला पुन्हा विचारायचं कशाला?

मावशी : सरकारचं ‘या’ कसं मिळतं ते आधी बघ, कारण त्यातच या प्रवासाची निम्मी गंमत आणि निम्मा त्रास आहे. लाऊची बेटं फिजीच्या मुख्य बेटांच्या पूर्वेला, टोंगाच्या वाटेवर आहेत. मे ते ऑक्टोबर हा फिरण्याचा हंगाम, कारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चक्रीवादळांची धास्ती. हंगामात वारे आग्नेयेकडून वाहतात. म्हणजे टोंगाहून निघालेली बोट वारा पाठीशी घेऊन लाऊच्या अगदी जवळून जाते, आणि तरी रीतसर तिला तिथे थांबता येत नाही. आधी सुवा, सावुसावु, लेवुका, लाउटोका अशा एखाद्या ठरलेल्या प्रवेशबंदरावर जायचं, आरोग्य आणि जैवसुरक्षेच्या तपासण्या करायच्या, परमिट घ्यायचं आणि मग आलो त्या वाटेने वाऱ्याच्या तोंडावर परत फिरायचं. सुवाहून फुलांगा सुमारे १८० सागरी मैल. एरवी दीड-दोन दिवसांचं अंतर, पण समोरून लाटा घेत, नागमोडी जात, पोरं ओकत असताना ते फार लांब होतं. पुष्कळ जण म्हणूनच वारा पडण्याची किंवा फिरण्याची वाट बघत बंदरात बसून राहतात.

आता हा नियम जाचक वाटतो खरा, पण फिजीला जहाजांची भीती बाळगायला सबळ कारण आहे. ऑक्टोबर १८७४ मध्ये फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं आणि पुढच्याच जानेवारीत ‘डिडो’ नावाची ब्रिटिश युद्धनौका सिडनीहून राजा ठाकोम्बाऊला आणि त्याच्या मुलांना घरी घेऊन आली. बोटीवर गोवर होता. जहाज अडवून ठेवलं गेलं नाही. ठिकठिकाणचे प्रमुख सभेसाठी जमले, तिथून आपापल्या बेटांवर गेले, आणि काही महिन्यांत सुमारे ४०,००० माणसं दगावली. दीड लाखाच्या आसपास लोकसंख्येत. तेव्हा बोटीवर मूल तापाने फणफणलेलं असेल तर गावात न जाणं ही नुसती सभ्यता नाही. मुलं बरोबर असलेल्या कुटुंबाने तर हे जास्तच लक्षात ठेवायला हवं, कारण त्यांची मुलं उतरल्या उतरल्या गावच्या शाळेच्या मैदानात खेळायला जातात.

निखिल : ते पटलं. पण तो आरोग्याचा मुद्दा झाला, हद्दीचा नाही. पाणी गावाचं कसं?

मावशी : जमिनीपासून सुरू करू. फिजीतली जवळपास ९० टक्के जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांच्या सामाईक मालकीची आहे. कुळाला मातांगाली म्हणतात. ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येते. पहिला स्थायी गव्हर्नर आर्थर गॉर्डन याने हे धोरण रुजवलं. सांगायचं ते हे की किनारा लागला म्हणून कुळाचा हक्क संपत नाही. किनाऱ्यापासून प्रवाळाच्या बाहेरच्या कडेपर्यंत गावांची पारंपरिक मासेमारीची क्षेत्रं आहेत, गोलीगोली नावाची. देशभरात अशी सुमारे ४०० क्षेत्रं सरकारदप्तरी नोंदलेली आहेत.

आणि ती नुसती कागदावर नाहीत. गावाचा मोठा प्रमुख वारला की त्याच्या सन्मानार्थ मासेमारीचा एक पट्टा बंद ठेवायची चाल आहे, परंपरेने शंभर रात्रींसाठी. काठावर एखादी काठी रोवलेली असते, कधी तीही नसते, गावात सगळ्यांना माहीतच असतं. शंभर रात्री संपल्या की तो पट्टा उघडतो आणि साठलेले मासे सामुदायिक जेवणासाठी काढतात. आता कल्पना कर, बोटीवरचा बाप पोराला भाल्याने मासा मारायला शिकवायचा म्हणून सकाळी सकाळी नेमका त्याच पट्ट्यात उतरला. जीपीएसवर तिथे निळा रंग आहे, खोलीचे आकडे आहेत, सुतक नाही. त्याला ते कळण्याची एकच वाट आहे. आधी गावात जाऊन विचारणं.

निखिल : थांब. माझ्या वाचनात आलंय की फिजीच्या कायद्याप्रमाणे समुद्राचा तळ आणि भरतीरेषेखालचा किनारा सरकारचा आहे. कुळांना फक्त मासेमारीचा हक्क आहे, मालकी नाही. मग नांगर टाकायला परवानगी लागतेच कुठे?

मावशी : बरोबर वाचलंयस. उलट मी तुझी बाजू आणखी भक्कम करून देते. २००६ मध्ये तिथल्या सरकारने ही मालकी कुळांना परत देणारं विधेयक आणलं होतं. हॉटेलवाले खवळले, लष्करप्रमुख बैनीमारामा विरोधात गेले, आणि त्या डिसेंबरात त्यांनी सत्ता उलथवली. त्या उठावामागे इतर कारणंही होती, पण हे विधेयक त्यांतलं एक होतं आणि ते बारगळलं. पुढे २०१० मध्ये तर लष्करी सरकारने फतवा काढून सर्फिंगच्या लाटा सगळ्यांना खुल्या केल्या. तोवर ठरावीक रिसॉर्टं स्थानिक मालकांशी करार करून त्या आपल्या पाहुण्यांपुरत्या राखत होती. म्हणजे कायद्याची दिशा कुठे आहे ते स्पष्ट आहे.

पण यातून निघतं काय? कायदा एवढंच सांगतो की तुला हाकलून लावायला पोलीस येणार नाहीत. फुलांगाच्या लगूनमध्ये पोलीस तसेही नाहीत. तिथे तुझा नांगर खडकात अडकला, मुलाच्या पायात प्रवाळ घुसून जखम चिघळली, वारा फिरून बोट मागे सरकायला लागली, तर जो कुणी होडी घेऊन येणार तो त्याच गावचा. गावाला त्या पाण्यावर सरकारी कागद नाही, पण त्या पाण्याची देखरेख गावाशिवाय दुसरं कुणी करत नाही. जिथे राखण करणारा आणि कायद्याचा मालक हे वेगळे आहेत, तिथे समंजस माणूस राखणदाराला विचारतो. आणखी एक. प्रमुखाने विधीत पाहुण्याला स्वीकारलं की पाहुण्याच्या सुखरूपपणाची जबाबदारी गावावर येते, आणि पाहुण्याच्या वागण्याचीही. कुणाच्या बोटीने कचरा टाकला हे मग ‘एका यॉटने’ अशा मोघम तक्रारीत जिरून जात नाही, अमक्या घरच्या पाहुण्याने टाकला असं होतं. त्या घराची मान खाली जाते. एवढा परिणामकारक पहारा कुठल्याही खात्याला बसवता आलेला नाही.

निखिल : तू त्याला पहारा म्हणतेस, मी प्रवेश फी म्हणतो. सावुसावुच्या बाजारात म्हणे त्या जुड्या वर्तमानपत्रात गुंडाळून, रिबीन बांधून तयारच मिळतात. अर्धा किलो घ्या, बोटीत टाका, गाव आलं की द्या. यात परंपरा किती आणि तिकीट किती?

मावशी : बाजारात मिळतं म्हणून ते तिकीट होत नाही. त्या जुडीतली मुळं म्हणजे यंगोना, ते काय आहे ते बघ. आपल्या खाऊच्या पानाचं आणि काळ्या मिरीचं ते सख्खं भावंड, एकाच कुळातलं, एकाच वंशातलं. फरक असा की इथे पान नाही, मूळ वापरतात. झाडाला बी धरत नाही, छाट लावूनच ते वाढतं. रुजायला ओलसर, खोल माती लागते आणि मुळं कामाची व्हायला तीन-चार वर्षं तरी जातात. फुलांगासारखी दक्षिण लाऊची बेटं चुनखडीची, माती पातळ. तिथे यंगोना नीट पिकत नाही, बाहेरून आणावं लागतं. म्हणून अर्धा किलो मुळांना तिथे मोल आहे. तरी ती विकायला कुणी नेत नाही. बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा त्या आठवड्यात ती कुटली जातात, पाण्यात कालवली जातात आणि चारचौघांत प्यायली जातात. जीभ बधिर होते, अंग सैलावतं, डोकं शाबूत राहतं.

विधी प्रत्यक्ष कसा होतो तेही ऐक. चपला दाराबाहेर. टोपी आणि गॉगल गावात शिरतानाच उतरवलेले. पुरुषांनी गुडघ्याखाली येणारं सुलू नेसलेलं, बायकांचे खांदे झाकलेले. चटईवर मांडी घालून बसायचं आणि जुडी हातात न देता समोर जमिनीवर ठेवायची. गावचा माणूस ती उचलून घेतो आणि बोलायला लागतो, खालच्या आवाजात, एका लयीत. तुम्ही कुठून आलात, कशासाठी, याचा उच्चार त्यात होतो. बाकीचे ओंजळीने पोकळ टाळ्या वाजवतात. मग तानोआ या लाकडी कुंड्यातून करवंटी भरून समोर येते. एक टाळी, करवंटी एका दमात रिकामी, पुन्हा तीन टाळ्या. सांगायचं काय, या सगळ्यात किंमत कुठेच बोलली जात नाही.

आणि माझा खरा पुरावा पुढेच आहे. फुलांगात बोटींकडून गावनिधीसाठी रोख रक्कमही घेतात. ती ठरलेली असते आणि त्यात लाजण्यासारखं त्यांना काही वाटत नाही. सेवुसेवु एका बाजूला, रोकड दुसऱ्या बाजूला. नाटकाआडून फीच घ्यायची असती तर दोन्ही ठेवण्याचं कारण नव्हतं, सरळ फी वाढवली असती. ज्यांना आपण भोळे गावकरी समजतो त्यांनी दोन खाती चोख वेगळी ठेवली आहेत. पैसे लगूनच्या वापराचे. मुळं नात्याची. रक्कम दिल्यावर कुणी तुमचं होत नाही. सेवुसेवुनंतर मात्र गाव प्रत्येक बोटीला एक यजमान कुटुंब नेमून देतं. जेवायला, चर्चला, खेकडे पकडायला मग त्यांच्याबरोबर.

निखिल : बरं, मग त्या यजमान कुटुंबाला पाहुण्यांनी भरपूर दिलं तर काय बिघडलं? बोटीवर लाखोंची साधनं आहेत. मुलांना चॉकलेटं, वह्या, जुने कपडे वाटले तर पुण्यच ना?

मावशी : इथे जरा सबुरीने. तिथे केरेकेरे नावाची रीत आहे. नात्यातल्या माणसाने एखादी गोष्ट मागितली तर नाही म्हणणं फार कठीण. त्यामुळे एका घरात दहा वस्तू दिल्या की त्या घराची श्रीमंती वाढत नाही, त्या घरावर दहा मागण्यांचं ओझं येतं. आणि किनाऱ्यावर उभं राहून पोरांना चॉकलेटं वाटणं तर मला सरळ वाईट वाटतं. पुढच्या बोटीची पोरं वाट बघायला लागतात, आणि मग येणारा पाहुणाच म्हणतो की ही मुलं हात पसरतात. सवय कुणी लावली? द्यायचंच असेल तर शाळेला मुख्याध्यापकांच्या हाती, गावाला तुरांगा नि कोरोच्या, म्हणजे गावच्या कारभाऱ्याच्या हाती. आणि काय हवंय ते आधी विचारून. उत्तर बहुधा अगदी रोखठोक येतं. वाचायचे चष्मे, मासेमारीचे गळ आणि दोरी, होडीच्या इंजिनाचे स्पार्क प्लग, पेट्रोल. सोलर पॅनेलची वायर जोडून देणारा माणूस तर हवाच असतो.

याचं कारण असं की लाऊच्या गावांना तुटलेपण आलंय ते जहाजाच्या वेळापत्रकामुळे. दक्षिण लाऊला जहाज महिन्यातून एखादं, तेही सरकारी अनुदानावर, कारण त्या फेरीत नफा नाही. फेरी चुकली की पीठ, साखर, इंधन सगळं लांबतं. हीच बेटं एकेकाळी आडवाटेला नव्हती, उलट चव्हाट्यावर होती. फुलांगा आणि काम्बारा या बेटांवर वेसी नावाचं चिवट, जड लाकूड मिळतं. त्याच्या दुहेरी होड्या बांधायला टोंगाचे कारागीर तिथे येऊन राहायचे, आणि एकोणिसाव्या शतकात माआफू नावाच्या टोंगी सरदाराने जवळजवळ सगळ्या लाऊवर अंमल बसवला होता. आजही त्याच लाकडाचे तानोआ कोरून सुवाला पाठवतात. त्यांचे नातेवाईक ऑकलंडला आहेत, सिडनीला आहेत. तेव्हा ‘जगापासून अस्पर्श गाव’ वगैरे वर्णनं वाचली की मला हसू येतं. ज्यांचा मुलगा परदेशी फौजेत नोकरी करतो त्यांना अस्पर्श म्हणायचं, ते का? तर आपल्याला तिथे पोचायला त्रास पडला म्हणून!

निखिल : पण संकटात याच बोटींनी मदत केली होती ना?

मावशी : केली, आणि ती नाकारायचं कारण नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला विन्स्टन वादळ आलं, ४४ माणसं गेली. लाऊत उत्तरेकडचं वनुआ म्बालावू झोडपलं गेलं. त्यानंतर खासगी बोटींनी पाणी, ताडपत्री, औषधं पोचवली, कारण छोट्या खाड्यांत शिरायला त्याच सोयीच्या होत्या. पण बघ, ज्यांनी कामाची मदत केली त्यांनी गावाला विचारून, गावच्या यादीप्रमाणे केली. ती मदत माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही.

निखिल : एक आक्षेप राहिलाच. हा सगळा मान जातो प्रमुखाला. पुरुषाला. यंगोनाच्या बैठकीत मुख्यतः पुरुष. गावातल्या बायकांना, तरुणांना ही बोट नको असेल तर त्यांना कोण विचारतं? तू ज्याला गावाची परवानगी म्हणतेस ती चार म्हाताऱ्यांची असू शकते.

मावशी : हा तुझा सगळ्यात दमदार आक्षेप आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर देता येणार नाही. तुरांगा नि कोरो गावाने निवडलेला असतो, वंशाने आलेला नसतो, एवढं त्यात लोकशाहीचं. पण प्रमुखपद घराण्यात चालतं, आणि पाहुण्यांचा भार म्हणशील तर स्वयंपाक करणाऱ्या बायकांवरच पडतो. यजमान कुटुंब नेमलं जातं तेव्हा त्या घरच्या बाईला विचारलं होतं की नाही हे पाहुण्याला कळायला मार्ग नाही. तेव्हा हा विधी न्याय्य आहे असा माझा दावा नाही. माझा दावा त्याहून लहान आहे. विचारण्याची ही रीत अपुरी आहे म्हणून अजिबात न विचारणं बरं, असं होत नाही. गावातल्या सत्तेची वाटणी कशी असावी हा त्यांचा आपापसातला झगडा आहे. तो बाहेरून आलेल्या बोटीने प्रमुखाला वगळून सोडवायचा नाही. बोटीवरच्या बाईने मात्र एक करावं. पहिल्या दिवशी यजमानीण जेवायला वाढते, तर दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर चुलीपाशी बसावं आणि आपल्याकडचं तांदूळ-पीठ आधीच तिच्या हाती द्यावं.

निखिल : आणि एवढं सगळं करून, समजा, एखादं कुटुंब संध्याकाळी उशिरा पोचलं आणि सकाळी निघायचंय. एका रात्रीसाठी गावात जायचं?

मावशी : संध्याकाळी उशिरा पोचलं तर ते आत शिरूच नये, ही पहिली गोष्ट. प्रवाळाची फट अरुंद असते आणि ओहोटीला लगूनमधलं पाणी तिच्यातून नदीसारखं बाहेर धावतं. पाणी थबकलेलं असताना, ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असताना जायचं, आणि कुणीतरी, बऱ्याचदा मोठं मूल, पाण्यावरची चकाकी कापणारा चष्मा लावून नाळेवर उभं राहायचं. गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे सांभाळून, तपकिरी दिसलं की खडक. सूर्य समोर असेल तर हे रंगच दिसत नाहीत. फटीच्या बाहेर रात्रभर घिरट्या घालणं कंटाळवाणं असतं, पण ते परवडतं. रात्र दुसऱ्या कुठल्या खाडीत काढावी लागली आणि शेजारी गाव असेल, तर नांगर वाळूत टाकून बोटीवरच थांबावं. पोहायला उतरू नये, गळ टाकू नये. सकाळी होडी खाली सोडून जुडी घेऊन जावं, मग निघायचं असलं तरी. आणि दुसरा दिवस रविवार असेल तर निघण्याची घाईच करू नये. मेथडिस्ट गावं आहेत ती, रविवारी काम नाही, मासेमारी नाही, पोहणंही खपत नाही. चर्चला जावं. सेवुसेवु सोमवारी.